गांजाच्या चौकशीपासून गर्दपर्यंत



तरुण पिढी व्यसनांच्या आहारीं चालली आहे ही हाकाटी प्रत्येक पिढीच्या कानांवर येत असते, आणि ती करणारीं माणसें बहुधा आपल्या स्वतःच्या तरुणपणाचा इतिहास सोयीस्करपणें विसरलेलीं असतात. मला आज हाकाटी करावयाची नाहीं. आपल्या देशांत मादक पदार्थांविषयीं पद्धतशीर चौकशी केव्हां सुरू झाली, ती करणाऱ्यांनीं कोणास काय विचारलें, आणि तींतून जें निष्पन्न झालें तें मुलांच्या कानांपर्यंत कितपत पोहोंचलें, एवढाच इतिहास मी सांगणार आहें. सारा जन्म शाळेंत खडू झिजविण्यांत गेलेल्या माणसाला या तीन प्रश्नांपैकीं तिसरा प्रश्न अधिक जवळचा वाटावा, हें साहजिक आहे.

प्रथम १८९३ सालाकडे वळूं. त्या वर्षीं २ मार्च रोजीं विलायतेंत कॉमन्स सभेमध्यें डब्ल्यू. एस्. केन या सभासदानें हिंदुस्थानांतील गांजासंबंधीं प्रश्न उपस्थित केला. केन हे कट्टर मद्यपाननिषेधक. हिंदुस्थानांतील मद्यपाननिषेधाच्या कार्यासाठीं १८८८ सालीं विलायतेंत जी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांपैकीं ते एक होते. बंगालमध्यें गांजाचें पीक व व्यापार सरकारच्या देखरेखीखालीं चालतो, त्याचा प्रजेच्या प्रकृतीवर व नीतीवर काय परिणाम होतो याची चौकशी व्हावी, अशी त्यांची मागणी होती. सरकारनें ती मान्य केली आणि चौकशी बंगालपुरती न ठेवतां ब्रिटिश हिंदुस्थानच्या साऱ्या इलाख्यांना लागू करून जुलै १८९३ मध्यें एक कमिशन नेमलें. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. एकंदर सात सभासदांत तिघे हिंदी होते: राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनाम सिंग आणि लाला निहालचंद. आमच्या मुंबई इलाख्यांतून पंचमहालचे कलेक्टर ओमानी यांना घेण्यांत आलें होतें. त्याच वर्षीं अफूसाठीं लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालीं निराळें रॉयल कमिशनही नेमलें गेलें. परंतु अफूकडे आपण दुसऱ्या वाटेनें येणार आहोंत.

त्या काळीं आमचें कुर्डुवाडी म्हणजे जी. आय. पी. रेल्वेवरील 'बार्शी रोड' नांवाचें स्टेशन होतें. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी येथून बार्शीस जाऊं लागली ती १८९७ सालीं, आणि पंढरपुरास पोहोंचली ती १९०६ सालीं. तत्पूर्वीं पंढरीचे यात्रेकरू येथें उतरून सुमारें ५० किलोमीटरांची वाट टांग्यानें, बैलगाडीनें अथवा पायीं काढीत. त्या एकाच वाटेवर दोन तऱ्हेचीं माणसें चालत. एकाच्या गळ्यांत तुळशीची माळ. माळ घातली कीं मद्य, मांस आणि अंमली पदार्थ वर्ज्य, हा वारकऱ्यांचा दंडक. दुसरा गोसावी-बैरागी, त्याच्या झोळींत चिलीम. लोक दोघांनाही हात जोडीत. साधूची चिलीम शंकराची म्हणून खपून जाई. घरच्या पोरानें तीच ओढली तर तो 'गांजेकस' ठरे, आणि हा शब्द एकदां नांवाला चिकटला कीं मुलीचा बाप त्याच्या दारीं फिरकत नसे. व्यसनासंबंधीं समाजाची वृत्ति ही अशी असते. ती पदार्थाकडे पाहत नाहीं, तो कोणाच्या हातांत आहे इकडे पाहते.

गांजा हा त्या वेळीं चोरटा माल नव्हता, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याखालीं परवान्याच्या दुकानांत तो उघडपणें मिळे, आणि या इलाख्यांतील त्याचें पीक मुख्यत्वें अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आमच्या करमाळें तालुक्याच्या शिवेपलीकडे, निघत असे. त्या जिल्ह्याला आज अहिल्यानगर म्हणतात.

कमिशननें सत्तर प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आणि १,१९३ साक्षीदारांच्या साक्षी गोळा केल्या. अहवाल १८९४ सालीं पुरा झाला. साक्षींसह त्याचे सात खंड भरले. एवढ्या अल्प काळांत एवढें काम आजही सहसा होत नाहीं. परंतु साक्षीदार कोण होते? बहुतेक कलेक्टर, मामलतदार, डॉक्टर, वैद्य, हकीम, पाद्री, जमीनदार, आणि आबकारीचे मक्तेदार. गांजा ओढणारा माणूस क्वचितच. आणि मुलें? सत्तरांपैकीं एका प्रश्नाच्या शेवटीं, हें व्यसन एकट्यानें करतात कीं संगतीनें, पुरुषच करतात कीं स्त्रियाही, असें विचारून झाल्यावर, मुलांना हे पदार्थ घेण्याची चाल आहे काय, एवढेंच विचारलेलें आढळतें. शेपटासारखा जोडलेला हा एक लहानसा प्रश्न, आणि त्याचीं उत्तरें देणारे सर्व प्रौढ, प्रतिष्ठित गृहस्थ. मुलांविषयीं पुढील ऐंशी वर्षें आपण जी चौकशी केली तीही पुष्कळशी याच धर्तीची होती.

असें असूनही या अहवालांतील एक भाग मला फार मोलाचा वाटतो. तो वेड्यांच्या इस्पितळांविषयीं आहे. गांजानें वेड लागतें ही समजूत त्या वेळीं सरकारी सत्य म्हणून मानली जाई, कारण इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांत तसे आकडेच छापले जात. १८९२ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांतील वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ रोगी नव्यानें दाखल झाले, त्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें कारण गांजा, भांग वा चरस असें नोंदलें होतें. कमिशननें हा आकडा मुकाट्यानें उचलला नाहीं. त्या २२२ रोग्यांचे कागद मागवून एकेक प्रकरण त्यानें तपासलें. तेव्हां असें दिसून आलें कीं, रोग्याबरोबर पोलीस अथवा मॅजिस्ट्रेट एक माहितीपत्रक भरून पाठवीत. त्यांत 'वेडाचें कारण' असा एक रकाना असे. रोगी रस्त्यावर सांपडलेला, नातलगांचा पत्ता नाहीं, कारण कोणास ठाऊक असणार? पण रकाना तर भरावयास हवा. मग शिपायानें 'गांजा' लिहावें, इस्पितळाच्या कारकुनानें तोच शब्द नोंदवहींत उतरवावा, आणि वर्षाअखेर डॉक्टरसाहेबांच्या तक्त्यांत त्याचा आकडा व्हावा! ज्यानें सरकारी शाळेंत रजिस्टरें भरलीं आहेत त्याला या गोष्टीचें मुळींच नवल वाटणार नाहीं. रिकामा रकाना वरिष्ठांना खपत नाहीं, चुकीचा भरलेला खपतो. तपासणीअंतीं २२२ पैकीं ९८ प्रकरणेंच टिकलीं. त्यांतही ज्यांत मादक द्रव्यावांचून दुसरें कारण दिसत नव्हतें अशीं ६१ च होतीं.

या तपासणीचें महत्त्व गांजा निर्दोष ठरला यांत नाहीं. तो निर्दोष ठरलाही नाहीं. अतिरेकी सेवनानें शरीर व मन बिघडतें, दुर्बळ मनाच्या माणसाला वेडही लागूं शकतें, असेंच कमिशननें लिहिलें. मात्र बहुसंख्य लोक परिमित प्रमाणांत घेतात आणि त्यांना विशेष अपाय झालेला दिसत नाहीं, म्हणून सर्वस्वीं बंदी न घालतां कर, परवाने व मर्यादा यांनीं आळा घालावा, असा त्याचा अभिप्राय पडला. राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद यांना तो पटला नाहीं आणि त्यांनीं आपलीं भिन्न मतें जोडलीं. आबकारीचें उत्पन्न बुडूं नये म्हणून सरकारानें हा निकाल लावून घेतला, असें म्हणणारे तेव्हांही होते, आजही आहेत. सरकाराला उत्पन्न हवें होतें यांत संशय नाहीं. तरीपण ज्या चौकशीनें सरकारचेच छापील आकडे निम्म्याहून अधिक खोटे पाडले, तिला मी नुसती सोंगाची चौकशी म्हणणार नाहीं. तिच्यांत खरी उणीव होती ती निराळी. तिनें पाहिली ती प्रौढ माणसें. ज्याचा मेंदू अद्याप वाढीस लागलेला आहे अशा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानें रोज गांजा ओढला तर काय होतें, हें तिनें पाहिलेंच नाहीं. आणि तेथेंच धोका अधिक असतो, त्यानें स्मरणशक्ति मंदावते व मनोविकाराचा संभव वाढतो, असें आजचें वैद्यक सांगतें.

हे सात खंड इंग्रजींत निघाले आणि कचेऱ्यांच्या कपाटांत राहिले. शाळांत त्यांतलें अक्षरही आलें नाहीं. तरुणांच्या कानांवर येई तो उपदेश, आणि तोही मुख्यतः दारूविषयीं. त्यांतला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. १९०८ सालीं पुण्यांत लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें मद्यपाननिषेधाची चळवळ उभी राहिली आणि दारूच्या दुकानांसमोर निरोधन करण्यास जे स्वयंसेवक उभे राहिले त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. येणाऱ्या गिऱ्हाइकाला हात जोडून परत फिरविण्याचें काम तरुणांनीं करावें, ही कल्पनाच नवी होती. तोंपर्यंत व्यसनाच्या प्रश्नांत तरुण म्हणजे ज्याला वांचवावयाचें तो. येथें तो वांचविणारा झाला. सरकारनें हें निरोधन चालूं दिलें नाहीं, आणि जूनमध्यें टिळकांनाच अटक झाली. पुढें एक तप लोटल्यावर गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'नें मराठी घरांघरांत दारूचा विषय नेला. सुधाकराची दशा पाहून डोळे पुसणारे प्रेक्षक तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला तितकेच खळखळून हंसत, ही गोष्ट उपदेशकांनीं विचार करण्यासारखी आहे.

आतां अफूकडे येऊं. तरुणांच्या व्यसनाची गोष्ट करतांना आपण पाळण्यांतल्या बाळाला विसरतों. आणि महाराष्ट्रांत मादक द्रव्याचा सर्वांत मोठा प्रादुर्भाव झाला होता तो बाळांमध्येंच. गिरणींत जाणाऱ्या आईनें तान्ह्या मुलाला अफूची इवलीशी गोळी चाटवावी आणि तें निजून राहिलें कीं कामावर जावें, ही रीत मुंबईंत सार्वत्रिक होती. 'बाळगोळी' या गोड नांवानें त्या गोळ्या विकल्या जात. गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या स्थितीची चौकशी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनीं केली. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत, कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असें नमूद आहे. शंभरांत अठ्ठ्याण्णव! अफूनें बाळाची भूक मरते, त्याची वाढ खुंटते, आणि मात्रा किंचित् अधिक झाली तर श्वासच थांबतो. हें त्या आयांना ठाऊक नव्हतें काय? पुष्कळींना ठाऊक असावें. परंतु दहा तास गिरणींत उभें राहावयाचें, खोलींत बाळाजवळ कोणी नाहीं, आणि न गेल्यास चूल पेटत नाहीं, अशा बाईला 'अफू वाईट असते' हें सांगण्यांत कोणतें ज्ञान आहे?

माझ्या मतें आपल्याकडील व्यसनविषयक शिक्षणाचा खरा पाठ येथें आहे, आणि तो कोणत्याही पुस्तकांत आला नाहीं. १९३१ सालीं व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील मजूर कमिशननें बाळांना अफू देण्याच्या या चालीची दखल घेऊन कारखान्यांत पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कारखाने कायद्यानें प्रांतिक सरकारांना तशी सक्ती करण्याचा अधिकार दिला, आणि १९४८ च्या कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर ठेवणें बंधनकारक केलें. पुढें १९७६ सालीं ही मर्यादा तिसांवर आणली गेली. आईला घटकाभर बाळाला पाजण्यास जातां आलें, कोणीतरी त्यावर लक्ष ठेवूं लागलें, कीं गोळीचें कारणच उरत नाहीं. सोलापुराकडील आमच्या लोकांचें पोट गिरणीवर होतें. पहाटेच्या भोंग्यानें घर कसें रिकामें होतें हें त्यांना निराळें सांगावयास नको.

पाठ्यपुस्तकांतून भय घालण्याचा प्रयोग आपल्या आधीं अमेरिकेनें करून पाहिला. तेथें मेरी हंट या बाईंच्या खटपटीनें १९०० च्या सुमारास जवळजवळ सर्व संस्थानांत शाळेमध्यें मद्यपाननिषेधाचें शिक्षण कायद्यानें सक्तीचें झालें. थेंबभर मद्यही विष आहे, त्यानें सवय लागल्यावांचून राहत नाहीं, असे धडे क्रमिक पुस्तकांत आले. विद्वानांच्या एका समितीनें हीं पुस्तकें तपासलीं आणि त्यांत अतिशयोक्ति व चुका ठासून भरल्या आहेत असा अभिप्राय दिला. हेच धडे शिकून मोठी झालेली पिढी पुढें दारूबंदीच्या काळांत चोरून पिऊं लागली. नुसत्या पुस्तकांमुळें असें झालें असें मी म्हणत नाहीं. पण पुस्तकांनीं तिला अडविलें नाहीं, एवढें निश्चित.

आपल्याकडे कायदे झाले ते थोडक्यांत सांगतों. १९३० चा घातक औषधी द्रव्यांचा कायदा, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलांत आलेला अंमली पदार्थांचा आजचा कडक कायदा. या शेवटच्या कायद्यानें गांजा व चरस यांवर बंदी घातली, भांगेच्या पानांना मात्र वगळलें. शिवरात्रीच्या ठंडाईवर हात टाकण्याचें धैर्य कोणत्याही सरकाराला झालें नाहीं, असा याचा अर्थ मी करतों.

तरुणांना स्वतःला विचारून पाहण्याची वेळ आली ती १९७६ च्या सुमारास. केंद्र सरकारच्या समाजकल्याण खात्याच्या विद्यमानें मुंबईसह सात शहरांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी झाली. युरोप-अमेरिकेंतील हिप्पींच्या वार्ता वाचून धास्तावलेल्या पालकांना कॉलेजांत एल्. एस्. डी. आणि चरस यांचा महापूर आला असेल असें वाटत होतें. निष्कर्ष निराळाच निघाला. विद्यार्थ्यांत वापरल्या जाणाऱ्या पदार्थांत सर्वांत पुढें होते ते तंबाखू, दारू आणि डोकेंदुखीच्या गोळ्या. हे तीन वगळले तर बाकीच्यांचें प्रमाण अल्प होतें. म्हणजे बापाच्या खिशांत, घरच्या फडताळांत आणि कोपऱ्यावरील दुकानांत जें मिळतें तेंच मुलगा घेत होता.

मात्र लागलीच पुढें, १९८० नंतरच्या दोन-चार वर्षांत, मुंबईंत गर्द आली. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या सरहद्दीवर तयार होणारें अशुद्ध हेरॉइन म्हणजे 'ब्राऊन शुगर', तिलाच मराठींत गर्द हें नांव पडलें. चांदीच्या कागदावर ती भुकटी ठेवून खालून काडी लावावयाची आणि निघणारा धूर नळीनें ओढावयाचा. गांजा व दारू यांच्या तुलनेनें हिची पकड फार जलद. कांहीं आठवड्यांच्या रोजच्या सेवनानें शरीर तिच्यावांचून राहूं शकत नाहीं. न मिळाल्यास हातपाय ओढल्यासारखे दुखतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतें, उलट्या-जुलाब होतात, झोंप उडते. अनिल अवचट यांनीं या विषयावर लेखमाला लिहिली आणि महाराष्ट्राला प्रथमच गर्दुल्ला हा कोणीतरी परका गुन्हेगार नसून चाळींतला, वाड्यांतला, आपल्या ओळखीच्या घरांतला मुलगा आहे हें कळलें. हें लिखाण वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनीं एक लक्ष रुपये देऊं केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा या येरवड्याच्या मनोरुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकारानें २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यांत 'मुक्तांगण' सुरू झालें.

मुक्तांगणाच्या कार्यपद्धतींत दोन गोष्टी मला विशेष वाटतात. व्यसनांतून बाहेर आलेला माणूसच तेथें पुढें कार्यकर्ता होतो. नव्यानें आलेल्या रोग्यास तो 'गर्द वाईट' असें सांगत बसत नाहीं. आपण काय काय थापा मारल्या, घरांतलीं कोणतीं भांडीं विकलीं, हें सांगतो. ऐकणाऱ्याला खोटें पकडण्याची संधीच नाहीं, कारण सांगणारा स्वतः त्या वाटेनें गेलेला. दुसरी गोष्ट 'सहचरी'ची. व्यसनी माणसांच्या बायकांसाठीं चालविलेला तो गट आहे. आजार एकाचा नाहीं, घराचा आहे, हें त्यांत गृहीत धरलेलें आहे. डॉ. अनिता १९९७ सालीं निवर्तल्या, अनिल अवचट २०२२ सालीं. संस्था चालूं आहे.

मुलांना विचारून केलेली मोठी पाहणी याहूनही उशिरां आली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगासाठीं २०१३ सालीं देशांतील चार हजारांवर व्यसनी मुलांशीं बोलून एक अहवाल तयार झाला. मुलानें कोणता पदार्थ प्रथम कोणत्या वयांत घेतला याची सरासरी त्यांत दिली आहे: तंबाखू १२.३ वर्षें, हुंगण्याचे पदार्थ १२.४, गांजा १३.४, दारू १३.६. गर्द या सर्वांच्या मागून येते. २०१९ सालीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें जी देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली, तींत आणखी एक गोष्ट आढळली. दारू, गांजा, अफू हें सारें प्रौढांत अधिक आणि मुलांत कमी. हुंगण्याच्या पदार्थांचें मात्र उलट. ते घेणारीं मुलें शेंकडा १.७, तर प्रौढ शेंकडा ०.५८. सुमारें ४ लाख ६० हजार मुलांना त्यासाठीं मदतीची गरज आहे असा अंदाज त्या पाहणींत वर्तविला आहे.

हुंगण्याचे पदार्थ म्हणजे काय, हें शहरांतल्या सुशिक्षित घरांना कदाचित् ठाऊक नसेल. जंक्शनच्या गांवांत राहणाऱ्या आम्हांला ठाऊक आहे. सायकलचें पंक्चर काढण्याचें सोल्यूशन, शाईची चूक पुसण्याचें पांढरें द्रव्य, रंग पातळ करण्याचें थिनर. फडक्यावर ओतून किंवा पिशवींत घालून तें नाकाशीं धरावयाचें. थोड्या पैशांत मिळतें, भूक लागत नाहीं, थंडी वाजत नाहीं, भीति वाटत नाहीं. घर सोडून आलेलें दहा-बारा वर्षांचें पोर फलाटावर रात्र काढतें तेव्हां त्याला याच तीन गोष्टींचा त्रास असतो. त्यानें मेंदूच्या पेशी मरतात, क्वचित् हृदय एकाएकीं बंद पडतें. सोल्यूशन तर पंक्चरवाल्याची रोजची वस्तु. बाळगोळीची गोष्ट मी लांबवून सांगितली ती याचसाठीं. गिरणींतली आई बाळाची भूक ज्या कारणानें निजवीत होती, त्याच कारणानें हें पोर स्वतःची भूक निजवीत असतें; आणि त्याला पाळणाघर कोणी बांधलेलें नाहीं.

शाळेंतल्या मुलांचें काय? अमेरिकेंत १९८३ सालीं लॉस एंजेलिस येथें पोलीस अधिकाऱ्यांनीं गणवेशांत वर्गावर जाऊन मादक पदार्थांविरुद्ध धडे देण्याची योजना निघाली आणि ती देशभर पसरली. पुढें तिची वर्षानुवर्षें तपासणी झाली, तेव्हां ते धडे घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत मोठेपणीं कांहीं फरक आढळला नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थविषयक कचेरीनें २०१३ सालीं जगांतील अशा प्रयोगांचा आढावा घेतला. नुसती माहिती, नुसतें भय, आणि 'मी व्यसनी होतों' अशीं वर्गासमोर केलेलीं भाषणें यांचा शाळकरी मुलांवर टिकाऊ परिणाम दिसत नाहीं. संगतींत नकार कसा द्यावा, अडचण आल्यास कोणाकडे जावें, आणि आपल्या वयाचीं मुलें समजतों तितकीं व्यसनी नसतात, हें बोलतें करून शिकविलें तर थोडाबहुत उपयोग होतो, असें त्यांत निघालें. बोलतें करून, हे शब्द महत्त्वाचे. मुक्तांगणाची रीत तेथें येणाऱ्या रोग्याला लागू पडते. तीच उचलून सातवीच्या वर्गांत नेली तर चालत नाहीं, हें सभा भरवणाऱ्या मंडळींनीं लक्षांत ठेवावें.

आमच्या भागांत हें करावयाचें तर आरंभ गांजा-गर्दपासून होऊं शकत नाहीं. तो तंबाखूपासून करावा लागतो, आणि तंबाखू म्हणजे घर. एकदां एका मुलानें मला भर वर्गांत विचारलें होतें, "गुरुजी, पुस्तकांत लिहिलंय तंबाखूनं माणूस मरतो. माझा आजा ऐंशी वर्षांचा आहे, रोज चुना मळतो. मग पुस्तक खोटं का आजा?" १८९४ च्या कमिशनसमोर जो प्रश्न होता तोच हा, केवळ माढें तालुक्याच्या बोलींत. मीं त्याला सांगितलें, कीं पुस्तकानें 'कित्येक माणसें' असें लिहावयास हवें होतें. तुझा आजा वांचला, पण गांवांत ज्यांचा जबडा कापावा लागला त्यांचीं घरें कोणतीं, तें तुलाच मोजून येतां येईल. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणींत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ८.५ तंबाखूचें सेवन करणारे निघाले. पन्नासांच्या वर्गांत चार. उरलेले सेहेचाळीस घेत नाहींत, ही गोष्ट त्या चौघांना सहसा कोणी सांगत नाहीं.

त्यानंतर मी दरवर्षीं सातवीच्या वर्गाला एक काम देऊं लागलों. घरांत कोण तंबाखू, मिश्री, विडी वा मावा घेतें, केव्हांपासून घेतें, आणि पहिल्यांदा कोणी दिली, हें घरच्यांना विचारून लिहून आणावयाचें. नांव लिहावयाचें नाहीं, निंदा करावयाची नाहीं. गुटख्यावर राज्यांत २०१२ सालीं बंदी आली, पण पुड्यांचा पत्ता मुलांच्या कागदांतून मला बिनचूक कळत असे. कोणाच्या बापाला ऊसतोडीच्या फडावर मुकादमानें पहिली चिमूट दिली होती, कोणाच्या आईला दाढदुखीवर शेजारणीनें मिश्री लावावयास सांगितली होती. स्टेशनवरच्या एका हमालानें, ओझें उचलतांना भूक मारण्यासाठीं घेतों, असें मुलाकडून लिहवून घेतलें होतें. एका मुलीनें लिहिलें होतें, "आजी सकाळी मिश्री लावते. मी डबी उचलली तर आजी हातावर मारते. म्हणते, मला लागली ती लागली." हा कागद मी पुढच्या वर्गांना वाचून दाखवीत असें, आणि मग आजीला ती कोणी दिली असेल यावर तास संपेपर्यंत मुलें बोलत राहत.